वाचक विचारतात : पैसे न देणारं एटीएम

गेल्या अंकात जुन्या टेलिकॉम रॅकबद्दल लिहिताना मी सहज एक वाक्य टाकलं होतं, की नव्वदच्या दशकात आवाज, व्हिडिओ आणि डेटा अशी तिन्ही नेटवर्कं गुंडाळून एकट्या एटीएमवर आणायची सगळ्यांना घाई झाली होती आणि मग दहाएक वर्षांत तेच एटीएम भंगारात गेलं. बस्स, त्या एका वाक्यावर इतक्या मेल आल्यात की या वेळी दुसरा विषय घेतच नाही.

नाशिकरोडच्या एक ताई लिहितात : भंगारात कुठे गेलं, आमच्या कोपऱ्यावर आहे की अजून. फक्त त्यात कॅश नसते.

ताई, ते वेगळं हो. हे एटीएम म्हणजे असिंक्रोनस ट्रान्सफर मोड. यातून पैसे कधीच निघाले नाहीत, उलट यात ज्यांनी ज्यांनी घातले त्यातल्या बऱ्याच जणांचे बुडाले.

ठाण्याचे वाचक : तीन नेटवर्कं व्यवस्थित चालू होती ना? मग एकत्र करायची खाज का?

व्यवस्थित चालू होती हे खरं, पण खर्च बघा. समजा नव्वदच्या सुरुवातीची युरोपातली एक कंपनी, दोन शहरांत दोन ऑफिसं. दोन्हीकडच्या ईपीएबीएक्समध्ये, म्हणजे ऑफिसातल्या छोट्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, भाड्याची ई-वन लाइन, म्हणजे २.०४८ मेगाबिट, त्यात ६४ किलोबिटचे ३२ खाने, दोन खाने सिंक आणि सिग्नलिंगला जातात आणि ३० बोलायला उरतात. कॉम्प्युटरसाठी वेगळी लाइन, त्यावर एक्स-२५ किंवा फ्रेम रिले, या डेटा पाठवायच्या तेव्हाच्या पद्धती. साहेबांच्या व्हिडिओ कॉन्फरन्ससाठी तिसरं, आयएसडीएनचे, म्हणजे डिजिटल फोन लाइनचे, सहा चॅनल जोडून ३८४ किलोबिट करायचे, आणि त्यातला एक जोडला गेला नाही की साहेबांचा चेहरा तुकड्यातुकड्यात. तीन बिलं, तीन कॉन्ट्रॅक्ट, तीन माणसं आणि ती तिघं एकमेकांशी बोलत नाहीत.

आता रात्री नऊनंतर ऑफिसात वॉचमन सोडून कुणी नाही, तरी ते तीसच्या तीस खाने रिकामे धावतायत आणि शेजारच्याच डेटा लाइनवर रात्रीचा बॅकअप मुंगीच्या पावलाने चाललाय. आपल्या एसटीचं रिझर्व्हेशन आठवा, तिकीट काढलेला माणूस आला नाही तरी सीट रिकामी आणि मागे माणसं दांड्याला लटकलेली. एटीएमवाले म्हणाले, नंबरची सीटच काढून टाका. आवाज असो, चित्र असो की फाइल, सगळ्याचे एकाच मापाचे तुकडे करा, त्याला ते सेल म्हणत, प्रत्येकावर कुठल्या वाटेने जायचं त्याची चिठ्ठी लावा आणि ज्याच्याकडे सांगायला काही आहे तो जाईल. असिंक्रोनस म्हणजे एवढंच, ठरलेल्या वेळेचा खाना नाही. फक्त आवाजाला आधी जाऊ द्यायचं, तेवढी जागा त्याच्यासाठी राखायची, मग व्हिडिओ, आणि डेटाने उरलेल्या जागेत बसायचं. आंतरराष्ट्रीय टेलिफोनवाल्यांच्या सीसीआयटीटीने १९८८मध्ये पुढच्या ब्रॉडबँडसाठी हीच पद्धत पक्की केली, १९९१ला सिस्को, स्प्रिंट, नॉर्दर्न टेलिकॉम वगैरे मंडळींनी एटीएम फोरम काढला आणि गाडी सुटली. कागदावर आजही मला ही कल्पना सुंदर वाटते, उगाच नावं ठेवणार नाही.

कोल्हापूरची इंजिनियरिंगची विद्यार्थिनी : सर, सेल ५३ बाइटचाच का? व्हायव्हाला विचारतात आणि ५ अधिक ४८ सांगितलं की पुढे "४८ का" विचारतात.

तुझे एक्झामिनर भले आहेत, खरा प्रश्न तोच आहे. तू कोल्हापूरची, म्हणजे तुला हे लगेच कळेल. उसाच्या सीझनला एकेरी रस्त्यावर दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढे असला की मागच्या अँब्युलन्सने कितीही सायरन वाजवला तरी उपयोग नाही, ट्रॅक्टर वळणापर्यंत जाईस्तोवर थांबायचं. डेटाचं १५०० बाइटचं पॅकेट म्हणजे तो ट्रॅक्टर. ६४ किलोबिटच्या लाइनवर ते एक पॅकेट जायला १८७.५ मिलिसेकंद लागतात आणि तेवढा वेळ मागचा आवाज अडकतो, फोनवर ते सरळ कानाला कळतं. म्हणून ठरलं की ट्रॉल्या बंद, ऊस मोळीमोळीने न्या, म्हणजे दर मोळीनंतर अँब्युलन्सला मध्ये घुसता येईल.

मोळी केवढी, यावर खरं भांडण. फोनचा आवाज सेकंदाला ८००० बाइट, म्हणजे सेल जितका मोठा तितका तो भरायला वेळ. ३२ बाइट भरायला ४ मिलिसेकंद, ६४ भरायला ८. आता हा वेळ एवढा महत्त्वाचा का, तर इको. तुझ्या घरच्यांना विचार, पूर्वी गल्फमधून फोन आला की आपलंच "हॅलो" परत ऐकू यायचं. घरापर्यंत दोन तारा आणि पुढे लांब पल्ल्याला चार, त्या जोडावर आवाज थोडा आपटून मागे येतो. लगेच आला तर कानाला कळत नाही, उशिरा आला की माणूस बोलताबोलता गडबडतो. फ्रान्स आणि युरोपातले इतर म्हणाले आम्हाला ३२ द्या, आमचे देश लहान, उशीर एवढा कमी ठेवला तर देशातल्या देशात इको मारायची मशिनं लावायला लागणार नाहीत. अमेरिकेत एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत अंतरच इतकं की ती मशिनं आधीच लावलेली होती, त्यांना ६४ हवं होतं, कारण चिठ्ठीचे ५ बाइट तेवढेच राहतात आणि माल जास्त जातो. कुणी हटेना. शेवटी दोन्हीची बेरीज करून निम्मे केले, ४८. बाजारात भाजीवाली वीस म्हणते, आपण दहा म्हणतो आणि पंधराला तुटतं, डिट्टो तसंच. फरक इतकाच की भाजी संध्याकाळी संपते आणि हे ४८ सगळ्या जगाच्या चिपमध्ये कोरलं गेलं.

आणि याचं भाडं कुणी भरलं? डेटाने. तुझं १५०० बाइटचं पॅकेट घे. त्याला एएएल-५चं ८ बाइटचं शेपूट लागतं (एएएल म्हणजे माल सेलमध्ये भरायची पद्धत, तिचे नंबरवार प्रकार), झाले १५०८, म्हणजे ४८चे ३२ सेल, शेवटचा अर्धवट रिकामा, आणि चिठ्ठ्यांसकट लाइनवर गेले १६९६ बाइट. शंभर रुपयाच्या लाइनीत अठ्ठ्याऐंशीचा माल. टीसीपीची, म्हणजे इंटरनेटवर डेटा नीट पोचवणाऱ्या प्रोटोकॉलची, ४० बाइटची पोच तर आणखी मजेशीर, शेपटासकट बरोबर ४८ होते आणि एका सेलमध्ये बसते, पण आत कुठला प्रोटोकॉल आहे ते सांगणारं ८ बाइटचं लेबल लावलं, आणि ते बहुतेक लावायचेच, की ५६ होतात आणि दुसरा सेल लागतो. ४० बाइटसाठी १०६. हे आकडे पेपरात लिही, मार्क मिळतील.

सांगलीचे निवृत्त काका, टेलिफोन खात्यात ३४ वर्षं : ई-वनचा जीव क्लॉकमध्ये असतो. तुमचे सेल वाटेल तेव्हा पोचणार, मग पलीकडे क्लॉक कुठून आणत होते? आम्ही एका स्लिपसाठी, म्हणजे क्लॉक न जुळल्याने डेटा गळतो त्यासाठी, रात्र रात्र जागलोय.

काका, दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. जाहिरातीच्या कागदांवर तिन्ही वायरी एका ढगात शिरताना दाखवायचे आणि झालं, पण प्रत्यक्षात जुना ईपीएबीएक्स कोणी फेकत नव्हतं. तो होता तसाच ठेवायचा आणि त्याची ई-वन लाइन एटीएम स्विचच्या सर्किट इम्युलेशन कार्डात घुसवायची, म्हणजे ईपीएबीएक्सला वाटलं पाहिजे की पलीकडे तीच जुनी तांब्याची लाइन आहे. याला एएएल-१. त्यात ४८ पैकी १ बाइट हिशोबाला जातो, ४७ मालाला.

क्लॉकची दोन उत्तरं होती. एक एसआरटीएस, दोन्ही टोकांना नेटवर्कचं एक सामाईक घड्याळ आहे असं धरायचं आणि ई-वनचं स्वतःचं घड्याळ त्याच्यापेक्षा किती पुढेमागे आहे तेवढाच फरक, ४ बिट, दर आठ सेलमागे त्या हिशोबाच्या बाइटमधून पाठवायचा. हे हुशार काम. दुसरं अडॅप्टिव्ह, म्हणजे पाण्याच्या टाकीसारखं, येणारे सेल बफरमध्ये साठवायचे, पातळी वर चढली तर नळ जरा जास्त सोडायचा, खाली गेली तर कमी. लाइनवर गर्दी झाली आणि सेल उशिरा आले की टाकीला वाटायचं क्लॉकच हळू झालं, म्हणजे गोंधळ.

माझाच किस्सा सांगतो. २००१च्या आसपास पुण्याजवळच्या एका कारखान्यात, नाव नको, फोन, कॅमेरे आणि कॉम्प्युटर असे एकत्र आणले होते. बोलणं एकदम छान, सगळे खूश, फक्त स्टोअरचा फॅक्स जाईना. अर्धा कागद बाहेर यायचा, मग एक काळी आडवी पट्टी, मग मशीन शिट्टी मारून गप्प. दोन दिवस आम्ही फॅक्सलाच शिव्या दिल्या, मशीन बदललं, रोल बदलला, अगदी सॉकेटसुद्धा बदलून बघितलं. तिसऱ्या दिवशी तिथल्याच एका जुन्या ऑपरेटर मावशींनी सांगितलं, "साहेब, फोनवर बारीक टिक येते बघा, आणि घड्याळ लावून बघितलं तर दर दोन मिनिटांनी येते." ठरलेल्या अंतराने येते म्हटल्यावर ट्यूब पेटली. दोन्ही टोकांची कार्डं इंटर्नल क्लॉकवर ठेवलेली, दोघंही मास्टर, त्यामुळे बफर हळूहळू भरायचा आणि दर दोन मिनिटांनी सांडायचा. माणसाच्या कानाला ती फक्त टिक, फॅक्सच्या दृष्टीने लाइनच गेली. एका कार्डावर एक ओळ बदलली आणि फॅक्स सुरळीत. तुम्ही असतात तर पहिल्या तासात ओळखलं असतं, हे मी मनापासून म्हणतो.

आणि अजून एक, जे भले भले विसरायचे. ४७ बाइट मालामागे ५३ बाइट लाइनवर, म्हणजे २.०४८ मेगाबिटचा अख्खा ई-वन एटीएममध्ये घातला की त्याला साधारण २.३१ मेगाबिट लागतात. थोडक्यात ई-वन ई-वनमध्ये मावत नाही! लहान ब्रँच ऑफिसला भाड्याची लाइन दोनच मेगाबिटची, मग वापरात असलेले आठ-दहा खानेच उचलून पाठवायचे. शिवाय एएएल-१ला शांतता कळत नाही, कुणी बोलत नसेल तरी सेल धावतातच, म्हणजे मघाशी रिझर्व्हेशनला नावं ठेवली आणि परत तेच केलं. शांतता गाळणारं, बारीक केलेल्या आवाजाचे बरेच कॉल एका सेलमध्ये कोंबणारं एएएल-२ आलं १९९७ला. तोवर बाजार बराच पुढे गेला होता.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅली शहरातून एक वाचक : इथल्या ऑफिसातले एक म्हातारे सहकारी सांगतात की आमच्या राज्याने सरकारी पातळीवर एटीएम नेटवर्क टाकलं होतं. खरं का?

खरंय. नॉर्थ कॅरोलिना इन्फर्मेशन हायवे, १९९४ला सुरू झाला, गव्हर्नर जिम हंट यांनी जोर लावलेला, आणि बेलसाउथ, जीटीई, कॅरोलिना टेलिफोन अशा आपापल्या भागातल्या टेलिफोन कंपन्यांनी मिळून उभा केलेला. स्विच कंपन्यांच्या एक्स्चेंजमध्ये, आणि शाळा, कॉलेजं, हॉस्पिटलं, सरकारी ऑफिसं ही गिऱ्हाइकं. लहान गावातल्या शाळेत फिजिक्सचा मास्तर मिळत नाही तर दुसऱ्या गावच्या मास्तरांनी तिथून शिकवायचं, आणि मुलांनी हात वर केला तर त्यांना दिसायला पाहिजे. तुमच्याच रॅलीतल्या सेंट्रल प्रिझनमधले कैदी ग्रीनव्हिलच्या ईस्ट कॅरोलिना युनिव्हर्सिटीचे डॉक्टर व्हिडिओवर तपासायला लागले होते, म्हणजे बेडी घालून पोलीसगाडीतून न्यायचा खर्च वाचला. असल्या सगळ्या कामांसाठी एकच रस्ता. अडचण पैशाची आली, लहान शाळेला महिन्याचं भाडं परवडेना आणि ज्यांच्यासाठी म्हणून केलं तेच कुंपणाबाहेर.

व्हिडिओवाल्यांनी मात्र एटीएमवर फार जीव लावला होता. डिजिटल टीव्हीचं पॅकेट १८८ बाइटचं असतं ना, ते १८८ कुठून आलं विचारा कुणालाही. ४७ चोक १८८. एएएल-१च्या चार सेलमध्ये बरोबर बसावं म्हणून. पुढे एएएल-५वर न्यायचं ठरलं तरी तसलीच जादू, दोन पॅकेटं ३७६, शेपूट ८, एकूण ३८४, बरोब्बर आठ सेल, एक बाइट वाया नाही. तुमच्या घरच्या सेट टॉप बॉक्समध्ये आजही तेच १८८ धावतंय, एटीएमशी काही संबंध उरला नाही तरी. अमेरिकेतल्या ऑर्लँडोत टाइम वॉर्नर या केबल कंपनीने १९९४च्या डिसेंबरमध्ये घरोघरी हवा तो पिक्चर हवा तेव्हा बघायची सोय सुरू केली तीही एटीएमवर, थेट घरातल्या डब्यापर्यंत. १९९७ला बंद. कल्पना वीस वर्षं आधी आली आणि डबा फारच महाग, एवढंच.

हिंजवडीचे नेटवर्क इंजिनियर : थेट सांगा, का हरलं? इथरनेट स्वस्त होतं म्हणून ना?

स्वस्त होतं हे आहेच, पण मला विचाराल तर रस्ता रुंद झाला म्हणून हरलं. ट्रॅक्टर आठवा. एकेरी रस्त्यावर ट्रॅक्टर अडचण असतो, सहा लेनच्या रस्त्यावर त्याच्याकडे कुणी बघतही नाही. ६४ किलोबिटला ज्या पॅकेटला १८७.५ मिलिसेकंद लागत होते त्याला गिगाबिटवर १२ मायक्रोसेकंद लागतात, मग आवाजासाठी त्याचे तुकडे करायचे कशाला? १०० मेगाबिटचं इथरनेट १९९५चं, गिगाबिट १९९८चं, आणि ज्या आजारावर ४८ हे औषध होतं तो आजारच गेला, औषधाचं बिल मात्र चालू राहिलं. उलट जितका वेग जास्त तितकं पॅकेट फोडून परत जोडणारी चिप बनवणं अवघड, १५५ मेगाबिटला जमलं, ६२२ला जमलं, त्यापुढे दम लागायला लागला.

बाकी दुखणी तुम्हाला माहीतच असतील. गर्दीत एक सेल टाकून दिला की पॅकेटचे उरलेले ३१ सेल कचरा, पण ते बिचारे पार मुक्कामापर्यंत लाइन अडवत जातात. हे १९९४ला रोमानाउ आणि सॅली फ्लॉइड या संशोधकांनी नीट मांडून दाखवलं, त्यावर उपाय म्हणून गर्दी दिसली की अख्खं पॅकेटच दारात अडवायचं हे स्विचमध्ये घालावं लागलं. म्हणजे ज्या स्विचने फक्त सेल बघायचा होता त्याला शेवटी पॅकेट कळावं लागलं, तिथेच खरं तर गेम संपला होता. शिवाय राउटर दहा असतील तर सगळ्यांना सगळ्यांशी जोडायला ४५ सर्किटं, वीस झाले की १९०. आणि ऑफिसात इथरनेटचं सोंग आणायला लॅन इम्युलेशन नावाचं जे प्रकरण होतं त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही, संपादक शिव्या छापत नाहीत.

पण चिठ्ठी लावून वाट आधीच ठरवायची ही कल्पना तुम्ही रोज वापरता. सेल फेकून दिले, चिठ्ठी ठेवली आणि त्याला नाव दिलं एमपीएलएस, २००१ला त्याचा आरएफसी ३०३१, म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा कागद, निघाला. तिन्ही वायरी शेवटी एक झाल्याच की. आवाजाने डेटाला आपल्या घरात बोलावलं होतं, झालं उलटं, आज आवाज डेटाच्या घरी भाड्याने राहतो.

चिंचवडचे वाचक : तुम्ही चुकलात. भंगारात गेलं म्हणता, माझ्या ब्रॉडबँड मोडेममध्ये व्हीपीआय-व्हीसीआय, म्हणजे सेलवरच्या चिठ्ठीतले वाटेचे नंबर, होतं, ते एटीएमच ना?

चूक मान्य, कान पकडतो. ते एटीएमच. एडीएसएल, म्हणजे फोनच्या तारेवरचं ब्रॉडबँड, त्याच्या मोडेमपासून एक्स्चेंजपर्यंत आपला प्रत्येक फोटो, प्रत्येक मेल ५३ बाइटच्या सेलमधून गेली आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. बीएसएनएलचं डेटावन २००५ला आलं, सेटिंगच्या पानावर व्हीपीआय ० आणि व्हीसीआय ३५ टाकायचं. मी नाशकात, पुस्तिका हरवलेली, म्हणून मुंबईच्या मित्राला फोन लावला, तो एमटीएनएलवाला, त्याने आत्मविश्वासाने सांगितलं ० आणि ३२. टाकलं. एडीएसएलचा हिरवा दिवा ठणठणीत, नेट शून्य. पूर्ण रविवार गेला. तारेने एक्स्चेंज गाठलं होतं म्हणून दिवा हिरवा, पण मी ३२ नंबरच्या वाटेवर सेल सोडत होतो आणि पलीकडे त्या वाटेवर कुणी उभंच नव्हतं. व्हर्च्युअल सर्किट म्हणजे काय हे पुस्तकातून कळलं नव्हतं ते त्या दिवशी कळलं. थ्रीजी मोबाइलच्या पहिल्या पिढीतही टॉवरपासून कंट्रोलरपर्यंत एटीएमच होतं, एएएल-२वर आवाज. म्हणजे काका, ते उशिरा आलेलं एएएल-२ अगदीच वाया गेलं नाही.

चिपळूणचे वाचक : फायबर आलं, तोच जुना एडीएसएल मोडेम पडून आहे. भंगारवाला तीस रुपये देतो. देऊ का?

मागे चार पोर्ट असतील तर देऊ नका. त्यातलं डीएचसीपी, म्हणजे आपोआप आयपी पत्ते वाटणं, बंद करा, त्याचा आयपी बदलून नव्या राउटरपेक्षा वेगळा पण त्याच रेंजमधला ठेवा, आणि नव्या राउटरची वायर चारपैकी एका पोर्टात लावा, फोनच्या वायरीच्या खाचेत नाही. १०० मेगाबिटचा स्विच झाला, टीव्ही आणि प्रिंटरला पुरतो. अडॅप्टर मात्र तपासा, पावसाळ्यात पहिला तोच जातो.